अंध कोणास म्हणावे?
(खानेसुमारीपासून नेत्रतपासणीपर्यंत : भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने)

‘आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन’ ही म्हण आपण सारेच सहज वापरतो. म्हणीतील आंधळ्याविषयी आपल्या मनात संशय नसतो. ज्याला काहीच दिसत नाही तो आंधळा, इतकी त्याची ओळख सोपी. परंतु समाजातील अंधत्वाची प्रत्यक्ष मोजदाद करावयास निघाले की ही सोपी ओळख पहिल्याच घरी अडखळते. उंबरठ्यावर बसलेल्या वृद्ध मातेला उजेड आणि अंधार कळतो, अंगणात कोणी आले हे सावलीवरून समजते. मात्र आलेला आपला मुलगा की शेजारचा, हे तो बोलल्यावाचून ओळखता येत नाही. ती अंध आहे काय? एक डोळा कायमचा गेलेला, पण दुसऱ्या डोळ्याने सुईत दोरा ओवणारा शिंपी अंध आहे काय? चष्मा फुटल्यामुळे ज्याला बांधावरून चालता येत नाही, तो शेतकरी कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी दिली गेली आहेत. प्रत्येक उत्तरागणिक अंधांची संख्या बदलली, आणि संख्येबरोबर त्यांच्या वाट्याला येणारी मदतही बदलली. नेत्रशिबिरे भरविणाऱ्या, चष्मे वाटणाऱ्या, नेत्रदानाचा प्रसार करणाऱ्या सेवाभावी संस्थांना ‘आपल्या तालुक्यात अंध किती?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मोजणीची रेषा कोणी, कोठे आणि कशी आखली, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात त्याच इतिहासाचा धावता आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्राचीन वर्गीकरण

नेत्ररोगांचे वर्गीकरण आपल्या देशास नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांची मांडणी डोळ्याच्या भागांनुसार केलेली आहे. संधींचे ९, पापण्यांचे २१, पांढऱ्या भागाचे ११, काळ्या भागाचे ४, संपूर्ण डोळा व्यापणारे १७, दृष्टीचे १२ आणि बाह्य कारणांनी होणारे २, असा हा हिशेब आहे. दृष्टी पूर्ण झाकोळून जाण्याच्या अवस्थेस तेथे ‘लिंगनाश’ अशी संज्ञा आहे. हे वर्गीकरण वैद्यासाठी होते. समोर आलेल्या रुग्णाचा रोग कोणत्या स्थानी आहे व तो साध्य की असाध्य, हे ठरविण्यासाठी त्याचा उपयोग. गावात किंवा प्रांतात असे रुग्ण किती, हा प्रश्न त्या शास्त्राने स्वतःपुढे ठेवला नव्हता.

लोकभाषेनेही आपल्यापरीने वर्गीकरण केले होते. मोतीबिंदू, काचबिंदू, खुपऱ्या, वडस, बुबुळावर पडलेले फूल, रातांधळेपणा असे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज असत. प्रत्येक शब्दामागे एक वेगळे कारण आणि एक वेगळा उपाय दडलेला आहे. या शब्दांकडे लेखाच्या अखेरीस पुन्हा यावे लागेल.

खानेसुमारीतील आंधळे

अंधांची गणना देशव्यापी प्रमाणावर सुरू झाली ती ब्रिटिश राजवटीतील खानेसुमारीमुळे. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी संपूर्ण देशात एकाच वेळी खानेसुमारी झाली. तीत वेडसर, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी अशा चार प्रकारच्या व्यक्तींची स्वतंत्र नोंद घेण्यात आली. ही पद्धत १९३१ पर्यंत चालू राहिली. त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतात मोडत असे आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच समाविष्ट होता.

गणना करणारा कारकून, पटवारी किंवा शाळामास्तर घराच्या दारात उभा राहून विचारी आणि घरातील कर्ता पुरुष सांगे. दोन्ही डोळ्यांनी अंध असलेल्यांचीच नोंद करावी, एका डोळ्याने अंध असलेल्यांची करू नये, अशी सूचना होती. यापलीकडे कोणतीही तपासणी नव्हती. ‘तुमच्या घरी कोणी आंधळे आहे काय?’ या प्रश्नाला कुटुंबाने जे उत्तर दिले, तीच देशाची आकडेवारी ठरली.

त्या आकड्यांचा प्रवास मोठा विलक्षण आहे. दर लाख लोकसंख्येमागे १८८१ साली २२९ अंध नोंदले गेले. १९०१ साली ही संख्या १२१ वर आली. पुढे ती पुन्हा चढत गेली आणि १९३१ साली १७२ झाली. वीस वर्षांत अंधत्व जवळजवळ निम्म्याने घटले, असा अर्थ १९०१ च्या आकड्यावरून कोणी काढील तर ती मोठी चूक होईल. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. मध्य प्रांताला त्यांची मोठी झळ पोहोचली. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या तुलनेत घटून १९०१ साली सुमारे ६ लाख ६३ हजारांवर आली. दुष्काळात सर्वांत आधी मृत्यू गाठतो तो परावलंबी माणसाला. ज्यांना स्वतः मदतकेंद्रापर्यंत चालत जाता येत नव्हते, त्यांतील कित्येक पुढच्या खानेसुमारीपर्यंत उरलेच नाहीत. अंधांचा आकडा खाली आला, त्यामागे नोंदणीतील हयगय होती तशी ही शोककथाही होती.

१९४१ पासून ही नोंद बंद झाली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन जनगणनांतही अंधांचा रकाना नव्हता. राष्ट्र नव्याने उभे राहत असताना आपल्यातील किती जणांना दिसत नाही, हे सांगणारी मोजणी जनगणनेत नव्हती.

सहा मीटरची रेषा

दरम्यान युरोपात दृष्टी मोजण्याचे साधन तयार झाले होते. हॉलंडमधील उट्रेख्त येथील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता प्रसिद्ध केला. आजही प्रत्येक नेत्रतपासणीच्या खोलीत टांगलेला असतो, तो याच तक्त्याचा वारसा. त्यावरील अपूर्णांकाचा अर्थ सोपा आहे. निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून जे अक्षर वाचता येते, तेच वाचण्यासाठी एखाद्याला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागत असेल तर त्याची दृष्टी ६/६०. तीन मीटरपर्यंत यावे लागत असेल तर ३/६०. अक्षरओळख नसलेल्यांसाठी खेड्यापाड्यांत बोटे मोजावयास सांगण्याची रीत पडली. सहा मीटरवरून बोटे मोजता आली नाहीत तर दृष्टी ६/६० पेक्षा कमी, तीन मीटरवरून मोजता आली नाहीत तर ३/६० पेक्षा कमी, असा तो ढोबळ हिशेब.

साधन मिळाले, तरी रेषा कोठे ओढावी याविषयी एकवाक्यता नव्हती. निरनिराळ्या देशांत अंधत्वाच्या तब्बल ६५ व्याख्या प्रचलित असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९६६ साली नोंदविले. १९७२ साली जिनिव्हा येथे तज्ज्ञांचा अभ्यासगट बसला आणि त्याने दृष्टिदोषाच्या पाच श्रेणी सुचविल्या. ६/१८ पेक्षा कमी ते ६/६० ही पहिली, ६/६० पेक्षा कमी ते ३/६० ही दुसरी. या दोन श्रेणी अल्पदृष्टीच्या. ३/६० पेक्षा कमी ते १/६० ही तिसरी, त्याखाली केवळ प्रकाशाची जाणीव उरण्यापर्यंतची चौथी, आणि प्रकाशही न जाणवणारी पाचवी. या तीन श्रेणी अंधत्वाच्या. पुढे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत हीच मांडणी स्वीकारली गेली.

या वर्गीकरणातील दोन बाबी सामान्य वाचकाने ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, मोजणी नेहमी दोहोंपैकी चांगल्या डोळ्याची होते. दुसरी, ती मोजणी माणूस आहे त्या स्थितीत करावयाची की उत्तमात उत्तम चष्मा लावून, यावर उत्तर बदलते. चष्मा लावून मोजले तर चष्म्याअभावी आंधळा झालेला माणूस अंधांच्या यादीतून गळतो. आहे त्या स्थितीत मोजले तर तो यादीत राहतो आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या चष्म्याने त्याचे अंधत्व दूर करता येते, हेही लक्षात येते.

भारताने स्वतःसाठी रेषा अधिक उदारपणे आखली होती. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० पेक्षा कमी असणाऱ्यास अंध मानण्यात आले. शेतीवर जगणाऱ्या देशात सहा मीटरवरील बोटे न दिसणारा माणूस स्वतःचे पोट भरू शकत नाही, हा व्यवहारी विचार या रेषेशी सुसंगत होता.

पाहण्यांचा आलेख

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ ते १९७४ या काळात केलेल्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १.३८ टक्के आढळले. १९३१ च्या खानेसुमारीतील लाखामागे १७२ म्हणजे केवळ ०.१७ टक्के. चाळीस वर्षांत अंधत्व आठपट वाढले नव्हते. पूर्वी दारात उभे राहून विचारले जात होते, आता डोळा तपासला जात होता. उंबरठ्यावरच्या ज्या मातेला कुटुंबाने ‘म्हातारपणामुळे कमी दिसते’ म्हणून वगळले होते, ती आता प्रथमच मोजली गेली.

याच पाहणीतील कारणांची यादी तत्कालीन समाजाचे चित्र उभे करते. मोतीबिंदू ५५ टक्के, खुपऱ्या व त्यासोबतचे जंतुसंसर्ग २० टक्के, देवी ३ टक्के, कुपोषण २ टक्के. देवीच्या फोडांनी बुबुळ पांढरे झालेली माणसे त्या पिढीने गावोगाव पाहिली होती. पुढे हे चित्र पालटले. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. खुपऱ्यांविरुद्ध १९६३ पासून आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणाऱ्या बाल-अंधत्वाविरुद्ध १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रम राबविले गेले. खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले.

१९८६ ते १९८९ च्या पाहणीत मात्र अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के निघाले आणि त्यात मोतीबिंदूचा वाटा ८०.१ टक्के होता. माणसे अधिक जगू लागली होती आणि वयाबरोबर येणारा मोतीबिंदू वाढत होता. याच पाहणीत ४.६९ टक्के अंधत्व शस्त्रक्रियेनंतर भिंग नसलेल्या डोळ्यांमुळे आढळले. ज्यांनी त्या काळातील नेत्रशिबिरे पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ चटकन कळेल. शाळेच्या वर्गखोल्यांत, धर्मशाळांत शस्त्रक्रिया होत. डोळ्यातील नैसर्गिक भिंग काढले जाई आणि रुग्णाला जाड काचांचा चष्मा दिला जाई. तो चष्मा बैलाच्या खुराखाली किंवा नातवाच्या हातून फुटला की माणूस पुन्हा आंधळा. शिबिराच्या अहवालात मात्र ती शस्त्रक्रिया यशस्वीच राहिली.

कृत्रिम भिंगाची कल्पना जुनीच होती. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली ते प्रथम बसविले होते. भारतीय खेड्यापर्यंत ते मोठ्या प्रमाणात पोहोचले ते १९९४-९५ पासून. जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू नियंत्रणाचा प्रकल्प सुरू झाला, जिल्हा अंधत्व नियंत्रण संस्था कार्यरत झाल्या आणि शस्त्रक्रिया शिबिराच्या मांडवातून रुग्णालयात गेली. २००१-०२ च्या पाहणीत अंधत्व १.१ टक्क्यावर आले. त्यात मोतीबिंदूखालोखाल १९.७ टक्के अंधत्व केवळ चष्म्याच्या अभावी असल्याचे दिसले. २००६-०७ साली हे प्रमाण १ टक्का झाले.

रेषा सरकली

२०१७ साली एक महत्त्वाचा बदल झाला. कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रम असे झाले आणि जागतिक व्याख्येशी सुसंगत व्हावे म्हणून अंधत्वाची रेषा ६/६० वरून ३/६० वर आणली गेली. सहा मीटरऐवजी तीन मीटरवरची बोटे. २०१५ ते २०१९ या काळात ३१ जिल्ह्यांत झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष या नव्या रेषेने मांडला गेला : अंधत्व ०.३६ टक्के.

एक टक्क्यावरून ०.३६ टक्क्यावर, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश घट, असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. याच पाहणीतील पन्नाशीपुढील व्यक्तींचे आकडे पाहिले म्हणजे खरी स्थिती उलगडते. या वयोगटात ३/६० पेक्षा कमी दृष्टी असणारे १.९९ टक्के होते आणि ३/६० ते ६/६० च्या दरम्यानचे १.९६ टक्के. म्हणजे जुन्या रेषेने मोजले असते तर ३.९५ टक्के अंध ठरले असते, नव्या रेषेने त्याच्या निम्मे ठरले. २००६-०७ साली याच वयोगटात जुन्या रेषेने ८ टक्के अंध होते. तेव्हा आठवरून चारवर, अशी सुमारे निम्मी घट निःसंशय झाली आहे. ती लाखो शस्त्रक्रियांची, असंख्य डॉक्टरांच्या व कार्यकर्त्यांच्या श्रमांची कमाई आहे, आणि तिचा अभिमान वाटलाच पाहिजे. त्यापलीकडची घट मात्र रेषा सरकल्यामुळे दिसते. तिने कोणाच्याही घरात उजेड आलेला नाही.

जनगणनेतही असेच घडले. २००१ च्या जनगणनेत दृष्टीविषयक अपंगत्व असलेल्या व्यक्ती १ कोटी ६ लाखांवर नोंदल्या गेल्या. २०११ साली त्या ५० लाखांवर आल्या. २००१ साली एकच डोळा चांगला असणाऱ्यांनाही या रकान्यात धरले होते, २०११ साली ते वगळले गेले, हे या घटीमागील एक मोठे कारण. म्हणीतील आंधळ्याला देवाने एकच डोळा दिला असता, तर तो २००१ साली यादीत राहिला असता आणि २०११ साली यादीबाहेर गेला असता.

कायद्याची व्याख्याही बदलली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात उत्तम चष्म्यासह ६/६० पर्यंतच दृष्टी असणारा अंध होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती मर्यादा ३/६० पेक्षा कमी अशी झाली आणि मधली व्यक्ती अल्पदृष्टीच्या वर्गात गेली. तिचा दिव्यांग म्हणून हक्क कायम राहिला, पण तिच्या नावापुढचा शब्द बदलला.

भंडाऱ्याचा हिशेब

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ आहे. राष्ट्रीय सरासरी जशीच्या तशी लावली तर १९८६-८९ च्या दराने येथे सुमारे १७ हजार ९००, २००१-०२ च्या दराने १३ हजार २०० आणि अलीकडच्या दराने ४ हजार ३०० अंध व्यक्ती असाव्यात. ही जिल्ह्याची प्रत्यक्ष मोजणी नव्हे, केवळ गुणाकार आहे. परंतु एकाच लोकसंख्येवर कोणता दर व कोणती व्याख्या लावली यावरून उत्तर किती बदलते, हे त्यातून स्पष्ट व्हावे. अहवालात आकडा लिहिताना त्यापुढे व्याख्या लिहिली नाही, तर आकडा निरर्थक होतो.

सूक्ष्म तपासणी कशी असते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील आठ खेड्यांत २००६ ते २००९ या काळात एक मोठा नेत्र-अभ्यास झाला. तीस वर्षांपुढील ४,७११ ग्रामस्थ त्यात सहभागी झाले. विदर्भातील खेड्याच्या डोळ्यांची अशी नोंद जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात गेली, ही आपल्यासाठी समाधानाची बाब आहे.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. धानाच्या कापणीत व मळणीत लोंबीचे कुसळ, पात्याची धार किंवा कोंड्याचा कण डोळ्यात जातो. बुबुळाला बारीकशी जखम होते, तीत बुरशीचा संसर्ग होतो, आणि घरगुती उपचारांत किंवा दुकानातून विचारून आणलेल्या थेंबांत आठवडा निघून जातो. शेवटी बुबुळावर फूल पडते. अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढे मोतीबिंदू ६६.२ टक्क्यांसह पहिले कारण असला, तरी पन्नाशीच्या आत पहिले कारण बुबुळाची अपारदर्शकता हेच आहे, ३७.५ टक्के. म्हणजे हे कमावत्या हातांचे अंधत्व आहे. मळणीच्या वेळी साधा संरक्षक चष्मा आणि जखम होताच नेत्रतज्ज्ञाकडे धाव, एवढ्याने त्यातील पुष्कळसे टळू शकते.

येथेच पूर्वजांच्या त्या जुन्या शब्दांचे महत्त्व कळते. मोतीबिंदूला शस्त्रक्रिया, दृष्टीच्या नंबराला चष्मा, काचबिंदूला वेळेवर निदान व जन्मभर औषध, बुबुळावरील फुलाला नेत्रदान. नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाने फक्त शेवटच्या प्रकारातील अंधांनाच दृष्टी लाभते. काचबिंदूने किंवा पडद्याच्या विकाराने गेलेली दृष्टी त्याने परत येत नाही. ही गोष्ट प्रसारकाने स्पष्ट सांगितली नाही, तर आशेने आलेले कुटुंब निराश होऊन परतते.

नोंदवहीचे मोल

या इतिहासातून सेवाभावी कार्यकर्त्याने काय घ्यावे? शिबिराची नोंदवही ठेवताना ‘अंध’ किंवा ‘अंध नाही’ एवढेच लिहू नये. प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्र लिहावी, चष्म्यासह आणि चष्म्याविना. कारण लिहावे. ३/६० ते ६/६० च्या दरम्यानची नावे वेगळी काढावीत, कारण सरकारी आकड्यात अंध म्हणून ती आता दिसणार नाहीत; पण त्यांच्यातील बहुतेकांचे काम थांबलेले असते आणि पुष्कळांची दृष्टी शस्त्रक्रियेने वा चष्म्याने परत येण्याजोगी असते. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची नावे दुसऱ्या डोळ्यासाठी राखून ठेवावीत. आणि स्त्रियांची संख्या मुद्दाम पाहावी. जगभर अंधत्वाचा भार स्त्रियांवर अधिक आहे. शिबिराला येण्यासाठी सोबत कोणी नाही, घरचे काम सुटत नाही, ‘आता या वयात काय करायचे’ अशा कारणांनी त्या मागे राहतात.

१८८१ साली दारात उभ्या असलेल्या कारकुनाने घरच्यांना विचारले आणि उंबरठ्यावरच्या मातेचे नाव लिहिले गेले नाही. १९७४ साली ते लिहिले गेले. २०१७ नंतर, तिची दृष्टी ४/६० असेल, तर ते अंधांच्या यादीतून पुन्हा वगळले गेले. या सर्व काळात तिला दिसणारे जग तेवढेच धूसर राहिले. रेषा शासनाला व शास्त्राला हव्यातच, त्यांच्याविना नियोजन होत नाही. सेवेने मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंस पाहावे. वैनगंगेच्या काठी तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंतच्या एकेका गावात अशी माता शोधून तिच्या दोन्ही डोळ्यांची नोंद व्हावी आणि त्या नोंदीपुढे काही महिन्यांनी ‘दिसू लागले’ असा शेरा पडावा, यापरते समाधान कार्यकर्त्यास ते कोणते?